वाहक तरंगातून वाणी : डिमॉड्युलेटरच्या काल-स्थिरांकाविषयी

'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे जगणे या धातूचे आज्ञार्थी रूप, ही दोन्ही मराठी लेखनात एकच दिसतात. त्यांतील भेद उच्चाराचा आहे. पहिल्यातील 'ज' तालव्य, तर दुसऱ्यातील दंततालव्य. हा भेद प्रामुख्याने घर्षणाच्या वरच्या कंप्रतांत वसतो. ढोबळ मानाने दंततालव्य वर्णाची घर्षणशक्ती चार हजार हर्ट्झच्या वर एकवटते, तालव्याची बरीचशी त्याखाली पसरते. नभोवाणीवरील भाषणांचे ध्वनिमुद्रण करून उच्चारांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच एक प्रश्न आधी विचारला पाहिजे: ज्या मंडलाने वाणी वाहक तरंगातून सोडवून घेतली, त्याने हा अंश शाबूत ठेवला आहे काय?

असे मंडल म्हणजे डिमॉड्युलेटर होय. मुंबई केंद्राचे प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हापासून मध्यम लहरींवरील प्रत्येक ग्राहीत ते कोणत्या ना कोणत्या रूपाने राहिले आहे. प्रक्षेपकात वाणीच्या चढउतारांनुसार वाहक तरंगाची उंची कमीजास्त केली जाते. तरंगाच्या शिखरांना जोडणारी कल्पित रेषा म्हणजेच वाणीची प्रतिकृती. या क्रियेला, म्हणजे मॉड्युलेशनला, मराठीत 'विरूपण' हा पर्याय योजला गेला आहे. तो फारसा सुदैवी नव्हे. वाहकाला येथे रूप लाभते, रूप बिघडण्याची क्रिया पुढे सदोष ग्राहीत घडते.

अंबरनाथ पश्चिमेतील एखाद्या घरात असे मंडल बांधावयाचे ठरविल्यास सामग्री थोडी लागते. अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झ ही कंप्रता उदाहरणादाखल घेऊ. सुमारे २३० मायक्रोहेन्रीचे वेटोळे आणि ३५० पिकोफॅरडच्या आसपास जुळविलेला बदलता धारित्र यांनी ती कंप्रता निवडली जाते. त्यापुढे डायोड येतो. तो प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो, त्यामुळे तरंगाचा अर्धा भाग कापला जातो. हे न झाल्यास धन व ऋण अर्धांची सरासरी शून्य होऊन हाती काहीच लागणार नाही. जुन्या काळी हे काम गॅलेना स्फटिक करीत असे. जगदीशचंद्र बसूंना स्फटिकशोधकाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले होते. येथे जर्मेनियमचा डायोड घ्यावा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टला वाहू लागतो, सिलिकॉनच्या डायोडला त्याच्या दुप्पटीहून अधिक दाब लागतो, आणि तेवढ्यात मंद स्वर गिळले जातात.

डायोडच्या पुढे एक रोध आणि त्याला समांतर एक धारित्र जोडला की मंडल पुरे झाले. परंतु सारे मर्म या जोडीतच आहे. प्रत्येक शिखरागणिक धारित्र भरतो आणि दोन शिखरांच्या दरम्यान रोधातून हळूहळू रिता होतो. रिता होण्याचा वेग रोध व धारित्र यांच्या गुणाकाराने ठरतो, हाच काल-स्थिरांक. ५५८ किलोहर्ट्झच्या दोन शिखरांत १.८ मायक्रोसेकंदांचे अंतर असते, तेव्हा काल-स्थिरांक याहून बराच मोठा हवा, नाहीतर वाहकाची कंपने तशीच पुढे सरकतात. उलट, वाणीची रेषा उतरू लागली असता धारित्राला तिच्याबरोबर उतरता आले पाहिजे. ४७ किलोओहमचा रोध आणि ४७० पिकोफॅरडचा धारित्र घेतल्यास गुणाकार २२ मायक्रोसेकंद येतो. मॉड्युलेशन सत्तर टक्के असेल तर ५ किलोहर्ट्झपर्यंतच्या स्वरासाठी साडेबत्तीस मायक्रोसेकंदांपर्यंत मुभा असते. म्हणजे ही जोडी पुरेशी सुरक्षित आहे. मॉड्युलेशन नव्वद टक्क्यांवर गेल्यास मात्र मर्यादा सुमारे १५ मायक्रोसेकंदांवर येते. वाणीत इतक्या वरच्या कंप्रतेचा अंश क्वचितच एवढा प्रबळ असतो, म्हणून व्यवहारात निभावते.

आता त्याच रोधाबरोबर ०.०१ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडला, तर काल-स्थिरांक ४७० मायक्रोसेकंद होतो. आवाज भरदार व शांत वाटतो. श्रोता कदाचित खूषही होईल. परंतु सत्तर टक्के मॉड्युलेशनला साडेतीनशे हर्ट्झच्या वरचा उतार हे मंडल अनुसरू शकत नाही. रेषा खाली गेलेली असते आणि धारित्र मात्र आपल्याच तिरक्या उताराने रेंगाळत असतो. यात वरच्या कंप्रता केवळ क्षीण होत नाहीत; मूळ वाणीत नसलेल्या नव्या कंप्रता तिच्यात मिसळतात. अशा मुद्रणावरून 'निवेदकाच्या बोलीत दोन ज-कार एक झाले आहेत' असा निष्कर्ष काढणारा संशोधक बोलीचे नव्हे, धारित्राचे वर्णन करीत असतो.

मध्यम लहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचेच अंतर असल्यामुळे पाच हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी श्रोत्यापर्यंत बहुधा पोचतच नाही. च-ज यांच्या भेदाची जी किनार उरते तीच ग्राहीने घालविली तर काही उरत नाही. या परिसरातील आगरी बोलीत ळ-काराच्या जागी ल-कार येतो. तो भेद मुख्यतः तीन हजार हर्ट्झखालच्या अनुनादांत असल्याने नीट बांधलेल्या साध्या संचावरही टिकतो. एकाच मुद्रणाचा पुरावा एका वर्णासाठी ग्राह्य आणि दुसऱ्यासाठी अग्राह्य ठरतो तो असा.

अंबरनाथला आणखी एक अडचण आहे. लोहमार्गावर पँटोग्राफचा तारेशी असलेला संपर्क क्षणभर तुटला की ठिणगी पडते, आणि तिचा खरखराट वाणीच्याच रेषेवर स्वार होऊन येतो. डायोडला शिखर तेवढे कळते, ते कोणी उभे केले हे कळत नाही. वाहकाशी सुसंगत असा तरंग ग्राहीतच निर्माण करून आलेल्या संकेताला त्याने गुणले, तर वाहकाशी पाव फेरा पुढेमागे असलेला उपद्रव वगळता येतो. जो उपद्रव वाहकाच्या तालातच येतो तो याही उपायाने जात नाही.

दोन स्थानकांपलीकडच्या कल्याणला १९६५ साली याच तत्त्वाचा अगदी वेगळा उपयोग झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथून मिळालेल्या, प्रत्येकी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या तेथे उभारल्या: २४ पूर्व-पश्चिम ६३० मीटरांच्या रेषेत, ८ उत्तर-दक्षिण २५६ मीटरांच्या रेषेत. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण होई. सूर्याकडून येतो तो निव्वळ गोंगाट. त्यावर कोणी वाणी चढविलेली नसते. तेव्हा अशा ग्राहीत शोधकाच्या पुढे हवी असते ती सरासरी शक्ती, आणि ती मिळते काल-स्थिरांक वाढवून. ग्राहीची रुंदी १ मेगाहर्ट्झ आणि सरासरीचा काळ एक सेकंद असेल, तर मापनातील अनिश्चिती सुमारे सहस्रांश राहते. काळ चौपट केला की ती निम्मी होते. वाणीसाठी वर घेतलेल्या २२ मायक्रोसेकंदांच्या तुलनेत हा एक सेकंद सुमारे पंचेचाळीस हजारपट आहे. त्या ग्राहीत भाषण शिरले असते तर कागदावर एक सपाट रेषा तेवढी उमटली असती. परंतु सूर्यावरील काही उद्रेक सेकंदाहूनही अल्पजीवी असतात. ते टिपावयाचे तर निरीक्षकाला काल-स्थिरांक कमी करावा लागतो आणि त्याबरोबर वाढणारा गोंगाट पत्करावा लागतो.