आधी ओठ, मग ट्रंपेट

वरातीतला ट्रंपेट ऐकताना वाटतं, सूर पितळेतून निघतो. खरं तर तो वादकाच्या ओठांच्या थरथरीतून जन्मतो. नळी त्याला घडवते. म्हणून तयारी ओठांची. आधी दीर्घ श्वास, मग नुसत्या माउथपीसवर फुंकर, मग खर्जातले लांब, संथ सूर. मध्येमध्ये तितकीच विश्रांती. तारसप्तक सर्वांत शेवटी. वाद्यही तापावं लागतं. नळीतली हवा गार असली, की ध्वनी मंद चालतो आणि सूर उतरतो. थेट वरच्या सुराला हात घालणारा माउथपीस ओठांवर दाबतो. ओठ थकतात, सुजतात. ओठ दुखावले, की वादकाची रोजीच थांबते. तेव्हा वरात निघण्यापूर्वीची दहा मिनिटं बँडवाल्यांना जरूर द्या.