साठ की सत्तर? (घराचा हिशेब : भाग 6)

6 मार्च 2022 रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली आणि पिंपरीतल्या संत तुकाराम नगरला स्वतःचं स्थानक मिळालं. सप्टेंबर 2024 मध्ये हाच मार्ग स्वारगेटपर्यंत गेला. नवराबायकोपैकी एकाची कंपनी चाकणला आणि दुसऱ्याची नोकरी पुण्यात असेल, तर इथे राहणं दोघांच्या सोयीचं. अडतं ते किमतीवर. समजा, रिसेलचे दोन फ्लॅट पसंत पडलेत, एक 60 लाखांचा, एक 70 चा. तो म्हणतो, "हप्त्यात सातच हजारांचा फरक आहे, घेऊन टाकू." ती म्हणते, "पण हातात तेवढे पैसे आहेत कुठे?"

दोघांचंही बरोबर आहे. फक्त ते दोन वेगवेगळ्या आकड्यांवर भांडतायत.

आधी तिचा आकडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या कर्जात किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरत नाहीत. म्हणजे 60 लाखांच्या घराला स्वतःचे 12 लाख. वर 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 4 लाख 20 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. झाले साडेसोळा लाख. 70 च्या घराला हेच 19 लाख 20 हजार. रंगकाम आणि सामान हलवण्याचा खर्च अजून यात नाहीच. दागिने मोडायचे की पीएफमधून काढायचे, हा प्रश्न या आकड्यातून येतो. म्हणून तिच्या काळजीला भित्रेपणा म्हणू नये.

आता त्याचा. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली, तर 48 लाखांच्या कर्जाला महिना सुमारे 41,650 रुपये, 56 लाखांना 48,600. फरक खरंच सातेक हजारांचा. पण हा हप्ता जागेवर थांबत नाही. मे 2022 मध्ये 4 टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर गेला. त्यामागोमाग 48 लाखांच्या त्याच कर्जाचा दर 7 वरून साडेनऊ टक्के झाला असं धरा: हप्ता 37,200 वरून 44,700 वर जातो. बऱ्याच बँकांनी हप्त्याऐवजी मुदत वाढवली, पण ओझं तेच. म्हणजे घर स्वस्तातलं घेऊनही महागड्या घराएवढा फरक दीडेक वर्षाच्या आत अंगावर आला. 70 लाखांचं घर घेणाऱ्याला त्याहून वरचा.

म्हणून दोघांनी पगाराच्या स्लिपा समोर ठेवून बसावं, आणि ओव्हरटाइम (ओटी) व इन्सेंटिव्हचे पैसे बाजूला काढून मग बेरीज करावी. या कारखान्यांच्या पट्ट्यात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 2019 च्या मंदीत इथल्या वाहन कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवायचे दिवस जाहीर केले होते, पाठोपाठ 2020 ची टाळेबंदी आली. अशा वेळी ओटी सगळ्यात आधी जाते. बाळंतपण किंवा आजारपणात एकाचा पगार वर्षभर थांबला, तर दुसऱ्याच्या साध्या पगारात हप्ता भरून किराणा आणि शाळेची फी निघते का, हे त्याच कागदावर लिहावं. निघत नसेल, तर 60 सुद्धा जास्त आहेत.

राहिला नावाचा मुद्दा. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 60 लाखांवर 60 हजार. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. पण ज्याचं नाव करारनाम्यात नाही, त्याला हप्ता भरूनही जुन्या करपद्धतीतली व्याजाची वजावट मागता येत नाही. दोघंही कमावते असतील आणि दोघांचे पैसे लागत असतील, तर 60 हजार सोडावे आणि दोन्ही नावं घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रिसेलच्या फ्लॅटची कागदपत्रं कोणती आणि कशी तपासायची, ते पुढच्या आठवड्यात.