बारावीला ८५ टक्के, तरी नीट लागतेच

चकलांब्यातले एक अब्बू मुलीची मार्कशीट घेऊन आमच्याकडे आले. "सर, पंच्याऐंशी टक्के पडलेत, आता एमबीबीएस पक्कं ना?" नीटचा फॉर्मच भरला नव्हता. एक वर्ष गेलं.

बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५०, राखीव गटाला ४० टक्के. यादी लागते ती नीटच्या ७२० गुणांवर. प्रश्न १८०, त्यातले निम्मे बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे एका चुकीचा फरक पाच गुणांचा.

पेपर मराठीत मिळतो, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर २०१८ पासून उर्दूतही. भाषा मात्र फॉर्म भरतानाच निवडायची. सोबत इंग्रजी प्रश्न छापलेला असतो, आणि भाषांतरात गफलत निघाली तर इंग्रजीच ग्राह्य. दहावीपर्यंत 'खलिया' शिकलेली मुलं अकरावीत 'सेल' ऐकून गडबडतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. म्हणून आम्ही खलिया, पेशी, सेल तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.

बागवान, अत्तार, तांबोळी ही नावं राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अशा घरांनी जातवैधतेचं प्रकरण अकरावीतच टाकावं. निकालानंतर धावपळ केली तर कागद वेळेत हाती येईलच असं नाही.