त्वेरचा पाहुणा

परक्या मुलुखाचे रोजचे जगणे प्रवाशास केव्हा उमगते? हाटबाजार, वेशी, सुलतानाची स्वारी हे सारे रस्त्यावरून दिसते. चूल मात्र कोणी घरात घेतल्यावाचून दिसत नाही. याचा एक जुना दाखला आपल्याच भागात सापडतो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात ज्या जुन्नरकडची भाजी येते, त्या जुन्नरात १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पावसामुळे अडकून पडला होता.

निकितीन व्होल्गाकाठच्या त्वेरचा. वाटेत लुटारूंनी त्याला नागवले. त्यात त्याची धर्मपुस्तकेही गेली. पुढे विकावयास एक घोडा घेऊन तो होर्मुझहून चौल बंदरात उतरला. गोरा माणूस पाहण्यास लोक त्याच्या मागून चालू लागले. देश पाहावयास आलेला स्वतःच पाहण्याची वस्तू झाला! पालीवरून खुष्कीने तो जुन्नरला पोचला. तेथे परदेशी व्यापारी उतारशाळांत राहत. तेथल्या बाया त्यांना रांधून वाढीत, अंथरूण घालून देत. घोड्यांना साखर व तेल घातलेली खिचडी मिळे, हेही त्याने टिपून ठेवले आहे.

हा मुसलमान नव्हे, असे कळताच जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, विचारास चार दिवस! अखेर एका खुरासानी मुसलमानानेच रदबदली केली, म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले.

इतके झाल्यावर कोणीही आपली ओळख लपविली असती. तो ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरतही होता. पण बीदरला हिंदूंशी परिचय झाल्यावर, आपण ख्रिस्ती आहोत आणि आपले नाव अफानासी आहे, हे त्याने सांगून टाकले. तेव्हापासून त्या मंडळींनी त्याच्यापासून खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा काहीच लपविले नाही. उजव्या हाताने जेवणे, चमचा न वापरणे, एका पंथाने दुसऱ्याचे अन्न न घेणे, हे त्याला दिसले ते यामुळे. त्यांच्याच सोबतीने तो श्रीशैलच्या यात्रेस गेला.

पुस्तके गेल्याने आपले सण केव्हा येतात, हेही त्याला समजेना. तो अंदाजाने उपास धरी. दाभोळहून तो परत निघाला; परंतु घर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची टिपणे १४७५ मध्ये मॉस्कोस पोचली, म्हणून आज ही हकिकत आपणांस कळते.

आम्हांस यात महत्त्वाचे वाटते ते हे की, खरे नाव सांगण्याचा धीर पाहुण्याला यजमानाच्या वागणुकीवरून येतो. तुर्भ्यास पोटासाठी दूरदूरचे लोक येऊन राहतात. त्यांना आपले नाव, गाव आणि सण न लपविता सांगता यावेत, एवढे यजमानपण आपल्या हाती आहे.