कुंडींतील ब्रह्मकमळ : त्याचें खरें कुळ व जोपासना

नागपुरांत व आसपासच्या गांवीं पुष्कळ घरांच्या ओसरीवर ब्रह्मकमळाची कुंडी दृष्टीस पडते. पावसाळ्यांत एखादे रात्रीं त्यास फूल येतें, शेजारीपाजारी बोलाविले जातात, उदबत्ती लावून फुलाची पूजा होते आणि पहाटेस तें मान टाकतें. इतक्या कौतुकाचें हें झाड कित्येक घरीं मात्र वर्षानुवर्षें फुलत नाहीं, अथवा मुळाशीं कुजून जातें. याचें मुख्य कारण असें कीं, नांवावरून आपण त्याची जात ठरवितों.

कागदोपत्रीं नांव एकाचें व वहिवाट दुसऱ्याची असली म्हणजे काय घोटाळा होतो, हें शेतकरी बंधूंस सांगणें नलगे. येथेंही तोच प्रकार आहे. हिमालयांतील ब्रह्मकमळ सुमारें बारा हजार फुटांच्या वर उगवतें. तें उत्तराखंडाचें राज्यपुष्प असून केदारनाथ व बदरीनाथ येथें देवास वाहिलें जातें. तें सूर्यफूल व करडई यांच्या कुळांतील होय. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत त्याचा टिकाव लागणें शक्य नाहीं. आपल्या कुंडींतील झाड निवडुंगाच्या कुळांतील असून त्याचें मूळ ठिकाण म्हणजे मेक्सिको, ग्वाटेमाला या बाजूचीं अरण्यें. शास्त्रज्ञ त्यास एपिफायलम ऑक्सिपेटॅलम म्हणतात. तेव्हां हिमालयांतून आणिलेलें रोप म्हणून कोणी जबर किंमत मागूं लागल्यास ती देऊं नये. शेजाऱ्याच्या झाडाचें एक कांडें मागून आणिलें तरी काम भागतें.

निवडुंग म्हटला कीं माळरान व कडक ऊन डोळ्यांपुढें येतें. परंतु हा निवडुंग अरण्यांतील वृक्षांच्या बेचक्यांत, सांचलेल्या पालापाचोळ्यांत मुळें धरून राहतो. बांडगुळाप्रमाणें तो वृक्षाचा रस शोषीत नाहीं. ज्यास आपण पान म्हणतों तें त्याचें चपटें खोड होय; म्हणूनच त्याच्या कडेच्या खांचेंतून कळी निघते. यावरून त्याची गरज स्पष्ट होते: मुळांस हवा, अंगास सावली व ओल बेताची.

आपल्याकडील काळी किंवा मोरंड जमीन कपाशीस उत्तम, परंतु ती पाणी धरून ठेवते. कुंडींत तीच भरल्यास मुळें कुजतात. यासाठीं एक भाग माती, एक भाग कन्हानची जाड रेती व एक भाग कुजलेल्या पाल्याचें खत मिसळावें. कुंडीस भोंक असावें व त्यावर विटांचे तुकडे घालावे. जून झालेलें वीतभर कांडें कापून आठ दिवस सावलींत सुकवावें, म्हणजे जखम भरते. नंतर बुडखा खालीं करून तीन बोटें खोल लावावें. मुळें फुटेपर्यंत पाणी जपून द्यावें. फूल येण्यास दोन-तीन वर्षें लागतात.

सकाळचें कोंवळें ऊन मिळावें, दुपारचें मिळूं नये. वैशाखांत उघड्यावर ठेविलेलें झाड पिवळें पडून भाजतें. उन्हाळ्यांत माती वरून सुकली म्हणजे पाणी द्यावें, हिवाळ्यांत तें बरेंच कमी करावें, व पारा १० अंशांखालीं उतरूं लागल्यास कुंडी आंत घ्यावी. युरिया घालण्याचा मोह टाळावा. त्यानें कांडीं माजतात, पण कळ्या धरत नाहींत. कळी दिसल्यावर कुंडी हलवूं नये व माती पार सुकूं देऊं नये, नाहींतर कळ्या गळतात. जुनीं कांडीं निरुपयोगी समजून छाटूं नयेत. फूल बहुधा त्यांवरच येतें. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्यानें पुसून काढावा.

याच कुळांतील ड्रॅगन फळाची लागवड आतां महाराष्ट्रांत होते. सांगली जिल्ह्यांतील तडसर येथील फळ २०२१ सालीं दुबईस गेलें. त्याचेंही फूल रात्रींच उमलतें. त्याच वर्षीं गुजरात सरकारनें त्यास कमलम् हें नांव दिलें. परंतु नांव कमळाचें पडलें म्हणून कोणी तें चिखलांत लावीत नाहीं.

युरोप-अमेरिकेंत असाच एक वृक्षवासी निवडुंग नाताळच्या सुमारास फुलतो म्हणून घरोघर ठेवितात. तो मूळचा ब्राझीलच्या डोंगरांतील. रात्र मोठी व थंड होऊं लागली कीं तो कळ्या धरतो. ब्राझीलमध्यें तसे दिवस मे महिन्याच्या सुमारास येतात. म्हणून तेथें त्यास मे महिन्याचें फूल असेंच म्हणतात. अर्थात् झाड सण पाहून फुलत नाहीं, ऋतु पाहून फुलतें.

ब्रह्मकमळ फुललें तर शुभशकुन आणि न फुललें तर घरास कांहीं दोष लागला, असा समज कोठें कोठें आढळतो. फूल आलें असतां आनंदानें पूजा अवश्य करावी. न आल्यास मात्र दैवास बोल न लावितां कुंडीचें भोंक, आंतील माती व दुपारचें ऊन हीं तीन प्रथम तपासावीं.