पारपत्राविना परदेशात विवाह : काय वैध ठरते, काय अडते?

नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या गोमंतकीयांच्या घरांत एक प्रश्न अधूनमधून उपस्थित होतो. मुलाच्या अथवा मुलीच्या पारपत्राची मुदत संपलेली असते, नवे हाती येण्यास अवकाश असतो आणि विवाह मात्र तिकडेच ठरलेला असतो. असा विवाह कायद्याने ग्राह्य धरला जाईल काय? उत्तराची अपेक्षा ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी असते. वस्तुतः येथे दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत. विवाह झाला की नाही, हा एक. आणि त्या दांपत्याला कोणत्या देशात एकत्र राहता येईल, हा दुसरा. पहिल्याचा निर्णय विवाहाचा कायदा करतो, दुसऱ्याचा पारपत्र आणि व्हिसा. या दोहोंची गल्लत झाली की माणसे नको तेथे घाबरतात आणि जेथे सावध राहायला हवे तेथे निश्चिंत राहतात.

हा भेद समजून घेण्यासाठी चारशे वर्षांपूर्वीचे एक प्रकरण फार उपयोगी पडते. ते घडले सुरत आणि आग्रा यांच्या दरम्यान, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा थेट गोव्याच्या विजरईच्या कचेरीत पोहोचतो.

विल्यम हॉकिन्स हा इंग्रज २४ ऑगस्ट १६०८ रोजी ‘हेक्टर’ या जहाजातून सुरतेच्या बंदराबाहेर येऊन थांबला. त्याच्याजवळ इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचे पत्र होते. आजच्या भाषेत तेच त्याचे पारपत्र. परंतु या समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चालत असे. ‘कार्ताझ’ नावाच्या त्या परवान्यावाचून निघालेले जहाज ते बेधडक पकडत. प्रत्यक्ष अकबराची आत्या गुलबदन बेगम हिलाही मक्केच्या यात्रेस निघताना पोर्तुगीज परवान्यासाठी सुमारे वर्षभर सुरतेत खोळंबून राहावे लागले होते. मग हॉकिन्सची काय कथा! पोर्तुगीजांनी त्याची माणसे आणि माल ताब्यात घेतला व त्याच्या राजाची थट्टा केली. कागद कोणी दिला यापेक्षा तो कोण मानतो, यावर त्याचे मोल ठरते, हा पारपत्राचा पहिला धडा त्याला सुरतेच्या खाडीतच मिळाला.

पुढे १६०९ च्या एप्रिलमध्ये तो आग्र्यास पोहोचला. हॉकिन्सला तुर्की भाषा येत असल्याने जहांगीर त्याच्याशी दुभाष्यावाचून बोलू शकला. बादशहाने त्याला ४०० स्वारांची मनसब दिली. आपल्यावर विषप्रयोग होईल अशी भीती हॉकिन्सला वाटत होती. त्यावर उपाय म्हणून, स्वयंपाकावर विश्वासाने देखरेख ठेवील अशी पत्नी कर, असे बादशहाने सुचविले. ख्रिस्ती वधू असेल तरच विवाह करीन, असे सांगून हॉकिन्सने विषय मिटविण्याचा प्रयत्न केला; पण बादशहाने मुबारक शहा नावाच्या दिवंगत आर्मेनियन ख्रिस्ती सरदाराची मुलगी शोधून काढली. इतिहासात ती मरियम या नावाने ओळखली जाते. आग्र्यास जेझुईट पाद्री होते, पण ते कॅथलिक. हॉकिन्सच्या पंथाचा धर्मोपदेशक कोणी नव्हता. तेव्हा त्याने आपला सेवक निकोलस याच्याकडून, ख्रिस्ती साक्षीदारांसमोर, विवाहविधी उरकून घेतला.

हा विवाह वैध होता काय? हॉकिन्सची तशी समजूत होती. पुढे सर हेन्री मिडलटनच्या ताफ्याबरोबर आलेल्या एका धर्मोपदेशकाने त्याला सांगितले की, हे चालणार नाही. मग त्याच दांपत्याचा पुन्हा विवाह लावण्यात आला. गंमत अशी की, तो उपदेशक बहुधा अतिदक्ष होता. इंग्लंडमध्ये १७५३ चा कायदा येईपर्यंत वर-वधूंनी साक्षीदारांसमोर ‘आम्ही एकमेकांचा स्वीकार करीत आहोत’ असे स्पष्ट वचन दिले, तर पाद्रीविना झालेला विवाहही अनियमित, पण बंधनकारक समजला जाई. कॅथलिक जगात मात्र १५६३ च्या ट्रेंट परिषदेनंतर धर्मगुरू आणि साक्षीदार अनिवार्य झाले होते. तोच विधी एका राज्यात पुरेसा, दुसऱ्यात अपुरा. विवाहाचे बाह्यरूप वैध आहे की नाही हे तो जेथे लागला त्या भूमीच्या कायद्याने ठरवावे, हे आज जगभर रूढ असलेले तत्त्व अशाच अडचणींतून पुढे आले.

आता परवान्याकडे वळू. दरबारातील वारे फिरल्यावर हॉकिन्सने परतायचे ठरविले. गोवामार्गे पोर्तुगालला आणि तेथून इंग्लंडला जावे, असा त्याचा बेत. त्यासाठी जेझुईटांच्या मध्यस्थीने विजरईकडून ‘सेगुरो’, म्हणजे आपल्याकडील जुन्या भाषेत ‘कौल’, मागवायचा होता. पण मरियमची आई आणि नातलग आडवे आले. मुलगी एकदा समुद्रापार गेली की पुन्हा दृष्टीस पडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी अट घातली : ती गोव्यापलीकडे जाणार नाही. गोवा हिंदुस्थानातच असल्याने तेथे येणे-जाणे होऊ शकेल. आणि हॉकिन्स पुढे गेलाच, तर पोर्तुगीजांच्या रिवाजाप्रमाणे पत्नीला मिळणारा वाटा त्याने तिच्या नावे ठेवून जावे.

हॉकिन्सने मान डोलावली आणि दोन कौल मागविले. एक गोव्यात सुखेनैव राहण्याचा, सासरच्या मंडळींना दाखविण्यासाठी; दुसरा पत्नीसह पोर्तुगाल व इंग्लंडला जाण्याचा, स्वतःजवळ ठेवण्यासाठी. ही लबाडी त्याने स्वतःच्याच वृत्तांतात निःसंकोच लिहून ठेवली आहे. प्रत्यक्षात गोव्याला जावेच लागले नाही. १६११ च्या नोव्हेंबरात आग्रा सोडून तो खंबायतला आला, इंग्रजी जहाजे सुरतेजवळ असल्याचे त्याला कळले आणि १६१२ च्या जानेवारीत तो पत्नीसह मिडलटनच्या ताफ्यात दाखल झाला. इंग्लंडच्या वाटेवर असतानाच त्याचा मृत्यू झाला. मरियमने पुढे गॅब्रिएल टॉवर्सन या दुसऱ्या इंग्रजाशी विवाह केला आणि १६१७ मध्ये ती हिंदुस्थानात परतली. टॉवर्सन तिला येथेच ठेवून निघून गेला. १६२३ मध्ये अंबोयना येथे डच लोकांनी त्याला ठार केले.

मरियमच्या माहेरच्यांची मागणी गोमंतकीय वाचकाला अनोळखी वाटणार नाही. कागदी परवान्यापेक्षा पत्नीचा मालमत्तेतील हक्क त्यांना अधिक भरवशाचा वाटला. तो विचार पुढे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आला, १८७० पासून ती गोव्यात लागू झाली आणि वेगळा करार नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता समाईक, ही तिची सर्वसाधारण रीत आजही येथे चालते. गोमंतकीयाची मालमत्ता राज्याबाहेर, पण भारतात असली, तरी वारसाहक्काला हीच संहिता लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. विवाहाचा पुरावा नीट असणे म्हणूनच आपल्याकडे केवळ व्हिसाची बाब राहत नाही.

आजचा भारतीय कायदा काय सांगतो? परदेशी विवाह अधिनियम, १९६९ नुसार वर-वधूंपैकी किमान एक भारतीय नागरिक असल्यास आपल्या दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. वर २१ व वधू १८ वर्षांची हवी, आधीचा विवाह अस्तित्वात नसावा, दोघे निषिद्ध नात्यातील नसावेत. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या क्षेत्रात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. वैधतेच्या या अटींत चालू पारपत्राचा उल्लेख नाही. विवाहानंतर एखाद्याचे पारपत्र मुदतबाह्य होते असे आढळले, तर तेवढ्याने विवाह रद्द होत नाही. तेथील स्थानिक कायद्याप्रमाणे लागलेल्या विवाहाची नोंदही याच अधिनियमाच्या कलम १७ खाली करता येते.

अडचण त्याआधीच्या पायरीवर येते. ओळख आणि नागरिकत्व सिद्ध केल्यावाचून नोंदणी अधिकारी नोटीसच स्वीकारीत नाही, आणि परक्या देशात त्यासाठी पारपत्रच मागितले जाते. ब्रिटनने तर २००५ मध्ये परकीयांना विवाहासाठी गृहखात्याची वेगळी परवानगी सक्तीची केली होती. ज्यांच्याकडे वास्तव्याचा वैध परवाना नव्हता त्यांना ती मिळतच नसे. हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ मध्ये व युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये या व्यवस्थेला विवाहाच्या हक्काशी विसंगत ठरविले आणि २०११ मध्ये ती रद्द झाली. तेथे राहण्याचा हक्क नसणे आणि विवाहाचा हक्क नसणे या एकच गोष्टी नव्हेत, हा त्यातला मथितार्थ. मात्र विवाह झाला म्हणून वास्तव्याचा परवाना आपोआप मिळत नाही, हेही तितकेच खरे.

पारपत्राची मुदत संपली असेल, तर विवाहाची तारीख ठरविण्याआधी दूतावासाकडे नव्यासाठी अर्ज करावा. हरवले असेल तर तक्रार नोंदवून तसाच अर्ज करावा. दूतावास देतो ते आपत्कालीन प्रमाणपत्र केवळ भारतात परतण्यापुरते असते. त्याच्या भरवशावर परदेशात विवाह योजणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी गोव्यात येऊन नागरी निबंधकापुढे विवाह करणे पुष्कळदा सोपे पडते. मात्र येथेही पहिली सही झाली म्हणजे विवाह झाला, या समजुतीत राहू नये. दुसरी सही होईपर्यंत तो पूर्ण होत नाही.

गोव्यापुरती आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पारपत्रावरील तारीख चालू असूनही ते निरुपयोगी असू शकते. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीचे भारतीय नागरिकत्व संपते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावरही जुने भारतीय पारपत्र परत न करता विवाहाच्या नोटिशीसाठी पुढे करणे हे नव्या अडचणीला आमंत्रण आहे. आणि वर-वधू दोघांनीही पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल, तर भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्याला त्यांचा विवाह लावण्याचा अधिकारच उरत नाही. त्यांनी स्थानिक कायद्याने विवाह करून त्याची नोंद पोर्तुगालच्या दप्तरी करून घ्यावी लागते.