कोंबड्या एकमेकींची पिसे का टोचतात? कारणे आणि घरगुती उपाय



तिसरीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला पाळीव प्राण्यांविषयी गप्पा चालल्या होत्या. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमची तांबडी दुसऱ्या कोंबडीची पिसं उपटून खाते. आई म्हणते, ती कैदाशीण आहे, येत्या बाजाराला विकून टाकायची." सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. आदल्या वर्षी आमच्या घरी हेच झालं होतं आणि आम्ही ती टोचणारी कोंबडी खरंच विकली होती. आठ दिवसांत दुसरीने तोच उद्योग सुरू केला!

आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी पाच-दहा कोंबड्या असतात. अंड्यांच्या पैशांवर आईचा किरकोळ खर्च भागतो, वही-पेन येतं. अशा घरात एखादी कोंबडी टोचून मेली तर ते नुकसान लहान नसतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

आधी ओळखा: भांडण की पिसे टोचणे?

कोंबड्यांमध्ये मानपानाची एक उतरंड असते. कोण आधी खाणार, कोण वरच्या दांडीवर बसणार हे त्या चोचीने ठरवतात. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२२ मध्ये ही उतरंड शास्त्रीय पद्धतीने मांडली. विशेष म्हणजे त्यांना कोंबड्या निरखण्याचा नाद लहानपणापासूनच होता. मुलांना हे जरूर सांगा.

असलं भांडण समोरून होतं. टोच डोक्यावर किंवा तुऱ्यावर बसते, दुसरी बाजूला सरते आणि विषय संपतो. पिसे टोचणे ही वेगळी गोष्ट आहे. टोचणारी मागून येते, शेपटीच्या बुडाशी, पाठीवर किंवा अंडं घालण्याच्या जागेभोवती पीस धरते, ओढते आणि बऱ्याचदा गिळून टाकते. यात रागाचा काही संबंध नसतो. कधी कधी तर जिची पिसं जातात ती मुकाट उभी असते.

आणखी दोन गोष्टींत गल्लत होते. कोंबडीची जुनी पिसं साधारण वर्षातून एकदा झडतात. ही पानगळ डोक्या-मानेपासून सुरू होते, जखम नसते आणि नव्या पिसांचे कोंब दिसतात. दुसरं म्हणजे कोंबडा असेल तर त्याच्या पायांनीही कोंबडीच्या पाठीवरची पिसं झिजतात.

मूळ कारण: चोच रिकामी

पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो दिवसाचा बराचसा वेळ पाला उकरण्यात आणि किडे-दाणे टिपण्यात घालवतो. आपल्या कोंबड्याही उकिरड्यावर सोडल्या की हेच करतात. ही सवय त्यांच्या रक्तातच आहे. पोट भरलं म्हणून ती थांबत नाही.

आमच्याकडे मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. घाबरून आम्ही उरलेल्या नऊ कोंबड्या जाळीच्या खुराड्यात दिवसभर बंद केल्या. खाली फरशी, दुपारी थेट ऊन आणि खायला नुसती तांदळाची कणी. कणी अर्ध्या तासात संपायची. मग दिवसभर करायचं काय? उकरायला माती नाही, टिपायला किडा नाही. समोर हलणारी एकच गोष्ट होती, शेजारणीची पिसं.

त्यात आहाराची भर पडली. पीस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचं बनलेलं असतं आणि कणीत प्रथिने जेमतेम ७-८ टक्के असतात. दाटी, ऊन, अंगावरच्या उवा, अचानक आणलेल्या नव्या कोंबड्या यांनीही ही सवय लागते. एकीचं बघून दुसरी शिकते, म्हणून एक विकून प्रश्न सुटत नाही.

काय करावे?

१. जखमी कोंबडी आधी वेगळी करा. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि मग जीवही जातो. तिला डालग्याखाली ठेवा, पण इतर कोंबड्या तिला दिसतील अशा जागी. जखमेवर काय लावायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. बरी झाली की रात्री अंधारात दांडीवर बसवा.

२. जागा द्या. खुराड्यात प्रत्येक कोंबडीला किमान २ चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या अंगणात ८ ते १० चौरस फूट जागा हवी. जागा कमी असेल तर कोंबड्या कमी ठेवा.

३. चोचीला काम द्या. हा सर्वांत महत्त्वाचा उपाय. जमिनीवर तीन-चार इंच भाताचं तूस किंवा सुका पाला पसरा आणि त्यात मूठभर धान्य विखरून टाका. मेथी, पालक किंवा कोबीचा पाला चोच पोहोचेल अशा उंचीवर टांगा.

४. खाद्य सुधारा. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिने असलेलं खाद्य लागतं. बाजारातला लेयर मॅश चालतो. भुकटीचं खाद्य गोळीपेक्षा सावकाश खाल्लं जातं, तेवढाच वेळ जातो. खाद्य एकदम बदलू नका, आठवडाभर थोडं थोडं मिसळा. शेंगदाण्याची पेंड देत असाल तर बुरशी लागलेली मुळीच नको. खाद्य आणि पाणी दोन-दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दुबळीलाही मिळेल.

५. सावली आणि आडोसा करा. प्रखर उजेडात टोचणं वाढतं. दुपारच्या उन्हाच्या बाजूला गोणपाट बांधा. अंडं घालताना मागचा लालसर भाग क्षणभर बाहेर दिसतो आणि इतरांना टोचायचा मोह होतो. म्हणून चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारा खोका ठेवा.

६. अंग तपासा. पिसांच्या मुळाशी उवा आहेत का बघा. रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा दांडीच्या फटीत लपतात, ते रात्री बॅटरी लावून शोधावे लागतात. लोळायला कोरडी माती आणि थोडी राख ठेवा.

७. नव्या कोंबड्या लगेच मिसळू नका. आधी निदान दोन आठवडे वेगळ्या ठेवा, म्हणजे रोगही कळतो. मग काही दिवस मध्ये जाळी ठेवून ओळख होऊ द्या. एकटी कोंबडी कळपात सोडू नका.

चोच मात्र घरी कापू नका. चोचीत नसा असतात, कोंबडीला वेदना होतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

आमच्याकडे हे सगळं केल्यावर साधारण तीन आठवड्यांत टोचणं जवळजवळ थांबलं. एकीची शेपूट मात्र पुढच्या पानगळीपर्यंत बोडकीच राहिली. पीस मधूनच तुटलं तर त्याचं खुंट झडेपर्यंत नवं येत नाही.

वर्गासाठी उपक्रम

त्या मुलीला मी एक काम दिलं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं खुराड्यासमोर बसायचं आणि पिसाला टोच बसली की वहीत एक रेघ मारायची. चार दिवसांनी ती वही घेऊन आली. सकाळी दोन-तीन रेघा, संध्याकाळी तेवढ्याच, आणि दुपारच्या रकान्यात रेघाच रेघा! "बाई, दुपारी भांडं रिकामं असतं आणि ऊन येतं," हे तिनेच सांगितलं. मी काही बोलायची गरजच उरली नाही.

वही तिच्या आईनेही पाहिली. दुपारच्या बाजूला गोणपाट लागलं, खाली तूस आलं, पाल्याची जुडी टांगली गेली. बाजारचा दिवस आला आणि गेला. तांबडी अजून घरीच आहे.

तुमच्या वर्गात किंवा घरी हा उपक्रम करून बघा आणि मुलांच्या नोंदी जरूर कळवा.